सातातले तीन गेले, आणि आता स्वतःच्या तपासण्यांचीच भीती वाटते

मागचा_बाक

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहिलं फार कमी. आज लिहितोय कारण घरात बोलावं तर सगळे लगेच काळजीत पडतात आणि मग मलाच त्यांची समजूत काढत बसावं लागतं.

वय ६७. आम्ही शाळेपासूनचे सात जण, मागच्या दोन बाकांवर बसणारे. नोकऱ्या, लग्नं, बदल्या, मधली भांडणं, सगळं होऊन टिकलो. गेल्या दीड वर्षात त्यातले तीन गेले.

पहिला हार्टने गेला. आम्ही दोघं रोज सकाळी फिरायला जायचो, वाटेत एक चढण आहे, फार नाही, दोन-तीन मिनिटांची. शेवटचे साधारण दोन महिने तो त्या चढणीच्या बरोबर मध्यावर थांबायचा आणि खाली वाकून बुटाची लेस बांधायचा. रोज. मी पण थांबायचो. तो सावकाश गाठ सोडणार, परत बांधणार, दोन्ही टोकं ओढून बघणार, आणि उठताना माझ्याकडे न बघता "चल" म्हणणार. एकदा माझं नीट लक्ष गेलं तर लेस सुटलेली नव्हतीच, घट्ट होती, त्याने ती आधी सोडली आणि मग बांधली. मला दिसलं. आणि मी काही बोललो नाही. का नाही बोललो हे मी गेले दीड वर्ष स्वतःला विचारतोय, उत्तर मिळत नाही. एका पहाटे त्याच्या मुलाचा फोन आला.

दुसऱ्याला संडासवाटे रक्त जात होतं. मूळव्याध आहे, कॉलेजपासूनची आहे, जुनं दुखणं आहे असं म्हणत त्याने आठ महिने काढले. दुर्बिणीची तपासणी झाली तेव्हा मोठ्या आतड्यातून लिव्हरपर्यंत गेलेलं होतं.

तिसरा गेल्या महिन्यात गेला, आणि त्यानेच मला पार हलवून टाकलंय. हा आमच्यातला सगळ्यात शिस्तीचा. आयुष्यात कसलं व्यसन नाही, वजन कॉलेजात होतं तेवढंच, दरवर्षी तपासण्या, प्रत्येक वर्षाचा रिपोर्ट फाईलमध्ये, वर त्याच्या अक्षरात वर्ष लिहिलेलं. आम्हाला पण मागे लागून लागून डॉक्टरकडे पाठवायचा. त्याला पाठीत दुखायला लागलं, वजन उतरलं, मग कावीळ झाली आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. चार महिने. शेवटी भेटायला गेलो तेव्हा ती फाईल पलंगाशेजारी स्टुलावर होती, तो म्हणाला, "बघ, सगळं नॉर्मल होतं रे."

आता माझं सांगतो. डॉक्टरांनी मला तपासण्यांची चिठ्ठी लिहून दिलेली आहे, ती अडीच महिने टेबलाच्या खणात पडून आहे. खण उघडतो, बघतो, बंद करतो. एकीकडे वाटतं जाऊन काय उपयोग, जो सगळं करत होता तो पण गेलाच ना. दुसरीकडे त्या आठ महिन्यांची आठवण येते आणि पोटात गोळा येतो. आणि जाहिराती तर ऐंशी तपासण्यांच्या पॅकेजच्या येतायत, त्यातलं माझ्या वयाला खरोखर काय लागतं तेही कळत नाही.

आणखी एक, हे जरा खाजगी आहे. आमच्या ग्रुपमध्ये अजून सात मेंबर दिसतात. तिघांना काढायची कुणाची हिंमत होत नाही. मी कधीतरी रात्री त्यातल्या एकाचा शेवटचा मेसेज उघडतो, "उद्या बोलू, आज दमलोय." तुमच्यापैकी ज्यांची जुनी माणसं अशी एकामागोमाग गेली त्यांनी काय केलं? मला खरंच ऐकायचंय.

निवृत्त_परिचारिका

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी ३१ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली बरीच हृदयरोग विभागात, म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी त्या लेसबद्दल. चढावर छातीत दाटून येतं, थांबलं की दोन-चार मिनिटांत निवतं, परत चालायला लागलं की परत तेच, याला अंजायना म्हणतात. हृदयाच्या स्नायूला चढावर जास्त रक्त लागतं, अरुंद झालेल्या नळीतून ते पुरत नाही, बसलं की मागणी कमी होते म्हणून बरं वाटतं. आणि बरं वाटतं हाच घात होतो कारण माणूस म्हणतो गेलं की, कशाला डॉक्टर. आमच्याकडे येणारे कितीतरी लोक सांगायचे की थांबायला काहीतरी निमित्त काढायचो, कुणी फोन काढायचे, कुणी झाडाकडे बघत उभे राहायचे. सोबतच्याला कळू नये म्हणून. तुम्ही बोलला नाहीत कारण त्याने तुम्हाला कळू नये अशी सगळी व्यवस्था केलेली होती दादा, एवढं तरी मनाला सांगा. दरवेळी छातीत दुखतंच असंही नाही, कुणाला जबड्यात, खांद्यात, कुणाला नुसता दम आणि घाम. डायबिटीस जुना असेल तर नसा बधिर झालेल्या असतात त्यामुळे कधीकधी दुखत पण नाही, नुसतं दमायला होतं. आणि बसल्या बसल्या काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून निश्चिंत व्हायचं नाही, त्रास चढावर होतो तर हृदय चढावर कसं वागतं ते बघावं लागतं, त्यासाठी स्ट्रेस टेस्ट असते.

दुसऱ्या मित्राचं फार वाईट वाटलं. पन्नाशीनंतर संडासवाटे रक्त गेलं तर मूळव्याध कितीही जुनी असो, ते मूळव्याधीचंच आहे असं घरी बसून ठरवायचं नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला असू शकतात. आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा आधी एका छोट्या कोंबासारखा असतो, त्याला पॉलिप म्हणतात, त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, आणि तेवढ्या काळात तो दुर्बिणीतून काढून टाकता येतो. म्हणजे ही तपासणी रोग शोधतेच पण होण्याआधी थांबवते पण. काही त्रास नसेल तर ४५ ते ७५ वयात दरवर्षी शौचातलं न दिसणारं रक्त बघायची साधी टेस्ट चालते, किंवा कोलोनोस्कोपी, ती स्वच्छ आली तर दहा वर्षं परत लागत नाही. त्रास असेल तर मात्र थेट दुर्बीण.

आता तिसरे. त्यांच्या फाईलने त्यांना फसवलं नाही हो. स्वादुपिंड पोटात पार मागे, पाठीच्या कण्याला लागून असतं, गाठ मोठी होईपर्यंत काही जाणवत नाही, आणि सरसकट सगळ्यांनी करावी अशी त्याची कुठलीही तपासणी आज नाहीच. त्यांच्या फाईलमध्ये जे बघितलं जात होतं ते वेगळं होतं, बीपी, साखर, किडनी, आणि ते खरंच नॉर्मल होतं. त्या शिस्तीने त्यांना इतर कशापासून वाचवलं ते आपल्याला कधीच दिसणार नाही. न झालेला झटका कुणाला दिसत नाही.

ऐंशी तपासण्यांचं पॅकेज नको. त्यात ते ट्यूमर मार्कर म्हणून, म्हणजे कॅन्सरची शंका दाखवणाऱ्या रक्ताच्या टेस्ट, घालतात, काही त्रास नसताना त्यातला एखादा आकडा थोडा वर आला की माणूस महिनाभर झोपत नाही आणि बऱ्याचदा काही निघत नाही. तुमच्या वयाला बीपी, तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणजे एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल, किडनीसाठी क्रिएटिनीन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन, डोळ्यांचा पडदा आणि काचबिंदू, आणि वर सांगितलेली शौचाची टेस्ट. आयुष्यात कधीही सिगारेट ओढली असेल तर पुरुषांनी ६५ ते ७५ मध्ये एकदा पोटाची सोनोग्राफी करून मुख्य धमनी फुगलीय का ते बघावं, हे फार कमी जणांना माहीत असतं. प्रोस्टेटच्या पीएसए या रक्ताच्या टेस्टबद्दल डॉक्टरांशी बोलून ठरवा, सत्तरीनंतर ती सरसकट करत नाहीत. लसी विसरू नका, फ्लूची दरवर्षी, न्यूमोनियाची, आणि नागिणीची, तिचे दोन डोस असतात, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने.

बीपी मात्र झोपून आणि उभं राहून, दोन्ही घ्यायला सांगा. पाच मिनिटं आडवं पडायचं, मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी परत मोजायचं. वरचा आकडा वीसने किंवा जास्त उतरला तर पडण्याची भीती असते, आणि या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड, आणि खुब्याचं हाड मोडल्यावर किती धडधाकट माणसं पुन्हा आधीसारखी चालली नाहीत ते मी बघितलंय.

चिठ्ठी खणातून बाहेर काढा दादा. आज नाही जमलं तर नुसती टेबलावर ठेवा.

सरळसोट

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. वय ७०. गेल्या पंधरा वर्षांत डॉक्टरचं तोंड बघितलेलं नाही, रोज तासभर चालतो, वेळेवर झोपतो. माझ्या दोन भावांनी सगळ्या तपासण्या केल्या, रोज सात-आठ गोळ्या घेतात, आणि दिवसभर त्याच गप्पा, माझा आकडा किती तुझा किती. आकड्यांच्या मागे लागून माणूस जगायचं विसरतो असं माझं प्रामाणिक मत आहे. मूळ पोस्टमधल्या तिसऱ्या मित्राने तेच सिद्ध केलं. वेळ आली की जायचंच.

निवृत्त_परिचारिका

सरळसोट, राग कशाला. रोज तासभर चालणं हे कुठल्याही गोळीपेक्षा कमी नाही आणि आकड्यांच्याच गप्पा मारत बसण्याचा कंटाळा मला पण येतो. पण एक विनंती ऐकाल का. वाढलेलं बीपी दुखत नाही, चक्कर येतेच असं नाही, डोकं जड होतंच असं नाही. माणूस रोज तासभर चालतो आणि नळ्या आतून झिजत असतात. पॅरालिसिस होऊन आलेल्यांच्या घरच्यांना मी विचारायचे बीपी होतं का, आणि उत्तर यायचं, "नव्हतं, कधी बघितलंच नाही." बाकी काही करू नका, बीपी तेवढं एकदा मोजा. दोन मिनिटं लागतात.

आणि "वेळ आली की" याबद्दल म्हणाल तर, वेळ आली की माणूस जातोच असं नाही हो, कित्येकदा तो राहतो, अर्धं अंग लुळं पडून, बोलता न येता, सहा-सात वर्षं. मला भीती त्याची वाटते.

धाकटी

काका, मी ३८ वर्षांची आहे, इथे बोलायचा अधिकार आहे की नाही माहीत नाही पण माझ्या बाबांचं सांगते, कारण तुम्ही लिहिलंय ते वाचताना सारखे तेच दिसत होते.

बाबांचे दोन जिवलग मित्र एकाच वर्षात गेले. त्यानंतर बाबा बोलेनासे झाले. जेवण अर्धं टाकून उठायचे, संध्याकाळी कट्ट्यावर जाणं बंद, खुर्चीत बसून राहायचे, वजन ७१ वरून ६३ वर आलं. आम्ही सगळे एकमेकांना सांगायचो की दुःख आहे, वेळ लागेल. नातेवाईक पण तेच म्हणायचे. एवढी माणसं गेल्यावर कुणाला भूक लागेल, हे इतकं पटण्यासारखं होतं की पाच-सहा महिने कुणी दुसरा विचारच केला नाही. मग एके दिवशी मी त्यांचा हात हातात घेऊन बसले होते आणि मनगटाशी नाडी कशीतरीच लागली, दोन ठोके पटापट, मग थांबा, मग एक. मला त्यातलं काही कळत नाही पण ती घड्याळासारखी नव्हती एवढं कळलं.

डॉक्टरांनी बघितलं तर थायरॉइड. तोही जास्त चालणारा. तरुण माणसाला असा थायरॉइड झाला की तो अस्वस्थ असतो, घाम येतो, हात थरथरतात, म्हातारपणी मात्र उलटं दिसू शकतं, माणूस नुसता मलूल होतो, वजन उतरतं, आणि हृदयाचे ठोके बिघडतात. तशा ठोक्यांत हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, पॅरालिसिसचा धोका साधारण पाच पट होतो असं त्यांनी सांगितलं. औषधं सुरू झाली, रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली, दोन-अडीच महिन्यांत बाबा स्वतःहून उठून गॅलरीत जाऊन बसायला लागले. मित्रांचं दुःख आहेच, अजून नावं निघाली की गप्प होतात. पण त्या दुःखाच्या आड आजार बसला होता आणि तो आम्हाला दिसला नाही.

काका, तुम्ही पण दमलोय, झोप नाही असं काही असेल तर ते सगळं मित्रांच्या नावावर टाकू नका, प्लीज. बाबांना आम्ही कुणी नीट विचारलंच नाही. तुम्हाला कोणी विचारत नसेल तर मी विचारते, तुमचं वजन किती आहे आणि सहा महिन्यांपूर्वी किती होतं?

पहाटपाऊल

भाऊ, मी ७२. माझ्या पाच मैत्रिणींपैकी दोघी राहिल्यात, तिसरी आहे पण ती आता ओळखत नाही.

सगळ्यात जवळची गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मला छातीत जोरात दुखायला लागलं. हॉस्पिटलात नेलं, ईसीजी बिघडलेला, रक्ताची टेस्ट बिघडलेली, सगळ्यांना वाटलं अटॅक. अँजिओग्राफी केली तर नळ्या स्वच्छ. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं, हृदयाचं खालचं टोक फुगून मडक्यासारखं झालेलं. याला ताकोत्सुबो म्हणतात म्हणाल्या, जपानमध्ये १९९० साली पहिल्यांदा लिहिलं गेलं, ऑक्टोपस पकडायच्या मडक्याचं ते नाव आहे, गळ्याशी अरुंद आणि खाली फुगीर, तसं हृदय दिसतं म्हणून. मोठा धक्का बसला की अंगात ज्या रसायनांची लाट येते त्याने हृदयाचा स्नायू काही काळ सुन्न पडतो, पाळी गेलेल्या बायकांना जास्त होतं, बहुतेकांचं काही आठवड्यांत पूर्ववत होतं. माझं झालं. पण त्या म्हणाल्या ते लक्षात ठेवलंय, घरी बसून हे दुःखाचं दुखणं आहे की खरा अटॅक हे कुणालाच ओळखता येत नाही, डॉक्टरला पण तपासल्याशिवाय येत नाही, म्हणून दुखलं की यायचं.

तुम्ही विचारलंत काय केलं. मी नंबर काढून टाकला नाही. तिच्या नंबरवर तर फोन करता येत नाही, पण तिच्या नवऱ्याला दर शुक्रवारी करते. पहिले दोन-तीन फोन फार अवघड गेले, दोघंही गप्प. आता ते मला तिच्या लहानपणाच्या गोष्टी विचारतात ज्या त्यांना माहीत नाहीत, शाळेतल्या, आणि मी सांगते. मला वाटायचं मी त्यांना आधार देतेय. तसं नाहीये, तो माझा पण दिवस असतो.

आणि तब्येतीचं एकच सांगते कारण बाकी सिस्टरनी लिहिलंच आहे. गेल्या वर्षी मी बाथरूममध्ये पडता पडता वाचले. फिजिओथेरपिस्टने मला खुर्चीत बसवलं, हात छातीवर दुमडायला लावले आणि तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं बघा म्हणाल्या. सहा. त्या काही बोलल्या नाहीत पण चेहऱ्यावर दिसलं. मी रोज चालत होते, मला वाटायचं पाय चांगले आहेत. चालण्याने दम वाढतो, मांडीची ताकद आणि तोल त्याने आपोआप येत नाही, जागतिक आरोग्य संघटना पण ६५ च्या वरच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम वेगळे करायला सांगते. आता मी ओट्याला एक बोट लावून एका पायावर उभी राहते, आधी तीन सेकंद टिकायचे, आता वीस. खुर्चीतून अकरा वेळा उठते. रोजच्या बीपीच्या गोळ्या घेत असाल तर गुडघेदुखीसाठी मनाने दुकानातून पेनकिलर आणून खाऊ नका, त्याने किडनीवर भार येतो, हे मला फार उशिरा कुणी सांगितलं.

कंदील

वाचतोय. माझा एक गेला गेल्या वर्षी, लिहायला अजून जमत नाही म्हणून त्याबद्दल नाही लिहीत.

फक्त एक भर घालतो. हार्वर्डचा एक अभ्यास १९३८ साली सुरू झाला आणि अजून चालू आहे, तीच माणसं, नंतर त्यांची मुलं. त्यात दिसलं की पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती ते ऐंशीत जास्त धडधाकट होते, त्यांच्या पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलवरून एवढा अंदाज येत नव्हता. म्हणून मागचा_बाक, तुमचे उरलेले तिघं कुठे आहेत? त्यांच्याशी याबद्दल बोललात का? तुमच्या पोस्टमध्ये गेलेल्या तिघांबद्दल सगळं आहे, राहिलेल्या तिघांबद्दल एक ओळ नाही.

मागचा_बाक

कंदील, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ नुसता बसलो. खरं आहे, एक ओळ नाही. तिसऱ्याला पोचवून आल्यापासून आम्ही चौघं एकदाही बोललेलो नाही. प्रत्येकाला वाटत असणार की बोललो तर तोच विषय निघेल.

धाकटी, वजन आज केलं. ६८. सहा महिन्यांपूर्वीचं माहीत नाही, वर्षापूर्वी ७० होतं. सिस्टर, चिठ्ठी टेबलावर ठेवलीय, वर चष्म्याची केस ठेवलीय म्हणजे रोज उचलावी लागेल. पहाटपाऊल ताई, तुमचा शुक्रवार वाचून डोळ्यांत पाणी आलं. सर्वांचे आभार, परत लिहीन.

सरळसोट

सिस्टर, मोजलं. शेजारच्यांकडे मशीन आहे. १७२/९६ आलं, दहा मिनिटांनी परत १६८. मशीन खराब असेल म्हणून दुसऱ्या दिवशी दुसरीकडे मोजलं, तेवढंच. सोमवारी डॉक्टरांकडे जातोय. माझं मत सगळं बदललंय असं नाही, पण जातोय.

निवृत्त_परिचारिका

जाऊन या, आणि फिरणं तेवढं डॉक्टरांना विचारून. मध्येच तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोबडं बोलणं झालं, यातलं एक जरी झालं तरी सोमवारची वाट बघायची नाही, झोपून उठलं की बरं वाटेल म्हणायचं नाही. ही पॅरालिसिसची लक्षणं, मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि ते तास माणूस शेवटचा नीट होता तेव्हापासून मोजतात, हॉस्पिटलात पोचल्यापासून नाही.

मागचा_बाक (तीन आठवड्यांनी)

परत लिहिणार म्हणालो होतो. तपासण्या झाल्या. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.९ निघाली, म्हणजे डायबिटीस आहे, सुरुवातीचा, डॉक्टर म्हणाले घाबरायचं नाही, आपल्या वयाला फार खाली आणायच्या मागे लागायचं नाही पण लक्ष ठेवायचं. शौचाची टेस्ट स्वच्छ. सिस्टर, तुमचं ते झोपून आणि उभं राहून बीपी मी सांगून करून घेतलं. झोपून १४६, उभं राहून एक मिनिटाने ११८. मला सकाळी उठल्यावर भिंत धरावी लागायची आणि मी झोप न लागण्यावर ढकलत होतो. लघवीसाठी जी गोळी चालू आहे तिने असं होऊ शकतं म्हणाले, वेळ बदलून रात्री झोपताना दिलीय, आणि उठताना आधी दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसायचं.

उरलेल्या तिघांना मीच फोन केले. एक फोनवरच रडला. एक इथेच राहतो, त्याला म्हटलं सकाळी फिरायला येशील का, तर म्हणाला मी रोज तयार होऊन बसतो, कुणाबरोबर जायचं कळत नाही. मी त्या चढणीचा रस्ता पहिला गेल्यापासून सोडला होता, मैदानात गोल गोल फिरायचो. परवा आम्ही दोघं ठरवून तिकडून गेलो.

मध्यावर पोचलो आणि मला दाटून आलं. छातीत दुखलं नाही, पण इथे, गळ्याच्या खाली, कुणी तळहात ठेवल्यासारखं. मला वाटलं आठवण येतेय. खरंच वाटलं, कारण तीच जागा, तोच दगड ज्यावर तो पाय ठेवायचा. आणि माझा हात खिशाकडे गेला, फोन काढायला. कुणाचा फोन आलेला नव्हता. तेवढ्यात सिस्टरचं आठवलं, धाकटीचे बाबा आठवले, आणि मी खिशातून हात काढला आणि त्याला म्हणालो, "अरे, मला दम लागलाय. इथे काहीतरी दाबल्यासारखं होतंय." हे एवढं वाक्य बोलायला मला जे लागलं ते मी सांगू शकत नाही. तो काही बोलला नाही, मला खाली बसवलं, स्वतः शेजारी बसला, माझ्या पाठीवर हात ठेवून. तीन-चार मिनिटांत निवलं. तिथूनच रिक्षाने तो मला सरळ डॉक्टरांकडे घेऊन गेला, घरी पण जाऊ दिलं नाही.

ईसीजी नॉर्मल आला. रक्ताची टेस्ट पण. सिस्टरनी लिहिलेलं म्हणून मी विचारलं की हा बसून काढलेला आहे ना, तर डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले बरोबर. स्ट्रेस टेस्ट मंगळवारी आहे. जिभेखाली ठेवायची गोळी दिलीय, ती आता शर्टाच्या खिशात असते. मंगळवारी तो येणार आहे सोबत, आणि बाहेरगावचे दोघं व्हिडिओ कॉलवर.

ग्रुपमध्ये काल रात्री मी लिहिलं, मंगळवारी माझी टेस्ट आहे. सातही नावांना गेला तो मेसेज. तिघांनी वाचला.

निवृत्त_परिचारिका

बरं केलंत दादा. मंगळवारपर्यंत चढ बंद, जड उचलणं बंद. त्या गोळीबद्दल, उभ्याने घ्यायची नाही, बसून घ्यायची, कारण तिने बीपी उतरतं आणि तुमचं उभं राहिल्यावर आधीच उतरतंय. मर्दानी ताकदीची म्हणून जी गोळी मिळते ती कधी घेत असाल तर डॉक्टरांना आजच सांगा, दोन्ही एकत्र चालत नाहीत, लाजायचं काही कारण नाही. आणि एका गोळीने पाच मिनिटांत निवलं नाही, किंवा बसल्या जागी दुखलं, घाम आला, तर स्वतः चालत खाली उतरायचं नाही, अॅम्ब्युलन्स बोलवायची, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. मित्राला पण हे वाचायला द्या.

मंगळवारी संध्याकाळी इथे बघते.